मालागाची आतारासानास मंडई : गोदीत नोकरी केलेल्याचा अभिप्राय

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागाला जाणं झालं, तर तिथली आतारासानास मंडई चुकवू नका. मासळी, ऑलिव्ह आणि सुका मेवा या तिन्हींत मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन. फळं-भाजी चांगली, पण गाळा पाहून घ्यावी. आत खायची सोय आहे आणि ती उत्तम आहे. बसायला मिळेलच असं नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघर असलेली जागा भाड्यानं घेऊन राहिलो होतो. त्यामुळे फोटो काढून परत फिरायचा प्रश्न नव्हता, घरातला सगळा बाजार तिथूनच यायचा.

अभिप्राय एवढ्यावर संपवता आला असता. पण मी सगळी नोकरी जहाजदुरुस्तीच्या गोदीत केली आहे, आणि या मंडईचं नाव गोदीचं आहे. आतारासाना म्हणजे स्पॅनिशमध्ये जहाजं बांधायची जागा. मासळी-भाजीच्या मंडईला हे नाव कसं, हे कळल्याशिवाय माझ्यासारख्याला चैन पडणं शक्य नव्हतं. उत्तर शोधायला लागलो तर भूमध्य समुद्राचा एकेक काठ फिरून झाला, तरी शब्द संपेना.

आधी दाराबद्दल सांगतो. मंडईची इमारत एकोणिसाव्या शतकातली, लोखंडाची आणि काचेची. पण तिच्या दर्शनी भागात मधोमध एक पांढरी संगमरवरी कमान उभी आहे, घोड्याच्या नालासारखी, वर जराशी टोकदार. ही कमान चौदाव्या शतकातली. मालागा तेव्हा ग्रानादाच्या नसरी सुलतानांकडे होतं आणि इथे त्यांची गोदी होती. समुद्र तेव्हा इथवर होता. आज कमानीखाली उभं राहून समुद्राचा वासही येत नाही, मधे अख्खा आलामेदा हा रुंद रस्ता आहे. तो अठराव्या शतकात समुद्र मागे सारून मिळवलेल्या जमिनीवर केलेला. जवळच्या एका रस्त्याला अजून पुएर्ता देल मार, म्हणजे समुद्राचा दरवाजा, म्हणतात. तिथे आता कपड्यांची दुकानं आहेत.

कमानीशी थांबून नीट बघा. लोक पिशव्या सावरत आत घुसतात आणि मान वर करत नाहीत. कमानीच्या दोन्ही अंगांना दोन छोट्या ढाली कोरल्यात आणि त्यांवर अरबी अक्षरं आहेत: ला गालिब इल्लल्लाह. अल्लाशिवाय विजयी कोणी नाही. नसरी घराण्याचं हे ब्रीद, ग्रानादातल्या त्यांच्या अलहंब्रा राजवाड्याच्या भिंतींवर ठिकठिकाणी हेच कोरलेलं दिसतं. आपल्याला 'गालिब' म्हटलं की शायरच आठवतो. इथे तो शब्द मूळ अर्थानं, विजेता म्हणून, मासळीबाजाराच्या दारावर बसलेला आहे. खालचे दगड जाणाऱ्या-येणाऱ्यांचे खांदे घासून गुळगुळीत झालेत. हात लावला तर उन्हातही गार लागतात.

पूर्वी समुद्राच्या अंगाला अशा सात भल्यामोठ्या कमानी होत्या, असं सांगतात. 1487 च्या ऑगस्टमध्ये फर्नांदो आणि इसाबेल या ख्रिस्ती राजा-राणीनं शहर जिंकलं. समुद्र हळूहळू हटत गेला, तशी गोदी कोरडी पडली, आणि इमारतीची कधी शस्त्रांची कोठी झाली, कधी इस्पितळ, कधी सैनिकांची बराक. एकोणिसाव्या शतकात पाडकाम निघालं, तेव्हा ही एक कमान तेवढी वाचली. होआकिन दे रुकोबा या वास्तुरचनाकारानं 1876 ते 1879 या काळात मंडई बांधली आणि ती कमान नव्या इमारतीचं मुख्य दार केली. शहरातलं बैलझुंजीचं मैदानही याच माणसाचं. मंडईला त्यानं लोखंडी खांब आणि जाळ्या दिल्या, पण वळण जुन्या मूरिश, म्हणजे स्पेनमधल्या मुस्लिम राजवटीतल्या, कमानींचंच ठेवलं. 2008 ते 2010 मध्ये सगळी इमारत नीट दुरुस्त झाली. दुरुस्ती चांगली आहे. लोखंडाचं काम बघायची मला सवय आहे. गंजाला रंगाखाली झाकून ठेवलेलं नाही, ते काम मुळापासून केलेलं दिसतं.

आता शब्दाकडे. अरबीत 'दार' म्हणजे घर आणि 'सिनाआ' म्हणजे कारागिरी, हातानं वस्तू घडवण्याचा धंदा. दार अस्-सिनाआ म्हणजे घडवण्याचं घर. मराठी माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको, कारण आपला कारखाना हा शब्द असाच झालाय: कार म्हणजे काम आणि खाना म्हणजे घर, दोन्ही फारसी. अरबांनी हा शब्द वापरला तो मुख्यतः सरकारी गोदीसाठी. आठव्या शतकाच्या तोंडाशी ट्युनिसला त्यांनी अशी गोदी उभी केली आणि तिथे काम करायला इजिप्तमधून कॉप्टिक, म्हणजे तिथले ख्रिस्ती, सुतार नेले. स्पेनच्या ईशान्येला तोर्तोसा म्हणून गाव आहे. तिथल्या कॅथीड्रलच्या भिंतीत 944-45 सालचा एक अरबी शिलालेख बसवलेला आहे. मजकूर आहे गोदी बांधल्याचा. गोदीचा मागमूस उरला नाही, तिची पाटी चर्चच्या भिंतीत सुखरूप राहिली.

स्पेनमधल्या अरबांच्या तोंडी 'दार अस्-सिनाआ'चं 'अद्-दार अस्-सनआ' झालं आणि स्पॅनिश लोकांनी त्याचं आताराथाना केलं. माद्रिदकडचे लोक मधे 'थ' लावतात, मालागात मला बऱ्याच जणांच्या तोंडी 'स' ऐकू आला, म्हणून मी आतारासानास लिहितोय. बार्सेलोनाच्या कातालान भाषेत तेच द्रासानेस. तिथे त्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे आणि जुन्या गोदीच्या उंच दगडी कमानींखाली जहाजांचं संग्रहालय आहे. 1571 मध्ये तुर्कांशी झालेल्या लेपांतोच्या आरमारी लढाईतलं ख्रिस्ती सेनापती डॉन हुआन दे आउस्त्रिया याचं मुख्य गलेरा, म्हणजे वल्ह्यांचं जहाज, याच गोदीत बांधलेलं. त्याची तेवढीच मोठी, जवळजवळ साठ मीटरची प्रतिकृती 1971 मध्ये करून तिथे ठेवली आहे. माझ्या धंद्यातल्या कुणी स्पेनला जात असेल तर बार्सेलोनाचा एक दिवस त्यासाठी राखावा.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो मात्र तुर्कीमधून. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका जहाजावर मुख्य इंजिनियर तुर्की होता. गोदीला तो तेरसाने म्हणायचा. आम्हाला वाटायचं, त्यातला शेवटचा भाग म्हणजे आपलाच 'खाना' असणार, दवाखान्यातला, तोफखान्यातला. गंमत म्हणजे तुर्कांनाही तसंच वाटलं होतं. शब्द त्यांच्याकडे आला तो बोटींवरून, इटालियन आणि ग्रीक खलाशांच्या तोंडून. पण त्यांनी तो ओस्मानी, म्हणजे ऑटोमन काळातल्या अरबी वळणाच्या, लिपीत चक्क तेरसखाने असा लिहिला, जणू फारसीच शब्द असावा. त्यांच्या दक्षिण किनाऱ्यावर आलान्याला 1228 च्या सुमाराची, पाच कमानींची दगडी गोदी अजून पाण्याच्या काठाला उभी आहे आणि तिचं नाव तेरसानेच आहे. इस्तंबूलला गोल्डन हॉर्न या खाडीच्या काठी ओस्मानी आरमाराची सगळ्यांत मोठी गोदी होती, तीही तेरसाने.

ग्रीक लोक बोटी बांधायच्या जागेला तार्सानास म्हणतात. ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे ख्रिस्ती मठ आपापल्या किनाऱ्यावरच्या धक्क्याला आणि बोटघराला आर्सानास म्हणतात. तिथल्या संन्याशांचं धान्य आणि पाहुणे त्याच धक्क्यावर उतरतात. माल्टामध्ये तार्झना. फ्रेंचमध्ये दार्स, तूलाँच्या जुन्या बंदरात हे नाव आजही आहे. इटलीतल्या जेनोआत दार्सेना. आणि व्हेनिसमध्ये आर्सेनाले.

व्हेनिसवाल्यांनी या शब्दाला जगभर नेलं आणि जाता जाता त्याचा अर्थ बदलला. त्यांच्या गोदीत जहाजं तर बांधली जातच, पण दोर वळले जात, शिडं शिवली जात, तोफा ओतल्या जात आणि हत्यारं रचून ठेवलेली असत. बाहेरून येणाऱ्या राजदूतांच्या डोळ्यांत भरायचं ते हत्यारांचं कोठार. इंग्रजीत शब्द रुळता रुळता सुतार, लोहार, दोरवाले गळून पडले आणि शस्त्रागार उरलं. लंडनच्या वुलिचमधल्या सरकारी शस्त्रनिर्मितीच्या कारखान्याला रॉयल आर्सेनल नाव मिळालं, तिथल्या कामगारांनी 1886 मध्ये फुटबॉलचा संघ काढला. आज आपली पोरं ज्या संघाचे लाल शर्ट घालून हिंडतात त्याच्या छातीवर तोफ आहे ती या वाटेनं आलेली.

सगळ्यांत मला भिडली ती शब्दाची परतीची वाट. अरबीत आज तरसाना असा शब्द आहे. अण्वस्त्रांचा साठा म्हणायचा तर अरबी वर्तमानपत्रं हाच शब्द छापतात. म्हणजे घडवण्याचं घर म्हणून हा शब्द बाहेर पडला, बंदरोबंदरी फिरला, आणि घरी आला तेव्हा आईबापांना ओळखू न येण्याइतका बदललेला होता. त्यांनी तो परका शब्द समजून पुन्हा उसना घेतला. ज्यांनी हयातभर वेल्डिंगचा धूर खाल्ला, प्लेटा वाकवल्या, रात्रपाळीत पंप चालू ठेवले, त्यांना या गोष्टीचं वाईट वाटेल. मला वाटलं. मूळ शब्द आमचा होता. कारागिराच्या घराचा होता. बंदुका त्यात नंतर आणून ठेवल्या.

म्हणून मला मालागाची मंडई इतकी आवडली. इथे त्या शब्दाच्या पाटीखाली शस्त्रं नाहीत. बायका-पुरुष सकाळी आठपासून उभे राहून हातानं काम करताहेत, आणि ते काम इतकं सफाईदार आहे की गोदीतल्या जुन्या मिस्त्रींनी मान डोलावली असती.

मासळीच्या बाजूला आधी जा. तिथे आमची ही पुढे असायची, मी पिशवी धरायला. मालागाची ओळख म्हणजे बोकेरोन, आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. बोटभर लांब, पाठ निळसर हिरवी, पोट चांदीचं. शहरातल्या लोकांनाही बाकीचे स्पॅनिश बोकेरोनेस म्हणूनच चिडवतात, आणि त्यांना ते आवडतं. बर्फावर ओळीनं लावलेले असतात, डोळे काळेभोर आणि ओले. गाळेवालीला विचारा, साफ करून देता का. ती नाही म्हणत नाही. आम्ही घ्यायचो त्या गाळ्यावरची बाई सुरीला हातही लावत नव्हती. डाव्या हातात मासा, उजव्या हाताच्या दोन बोटांनी डोकं मोडून मागे ओढायची, त्याबरोबर आतडं बाहेर. मग अंगठ्याचं नख काट्याच्या कडेनं शेपटीपर्यंत सर्रकन न्यायची, काटा उचलायची आणि शेपटीपाशी तोडायची. मासा पुस्तकासारखा उघडा, दोन्ही पाकळ्या शेपटीला जोडलेल्या. पाण्यात बुचकळून बाजूला. तोंडानं शेजारणीशी गप्पा चालू. अर्धा किलो मासे गप्पा संपायच्या आत झाले. आमच्या हिला ती 'रेइना' म्हणायची, म्हणजे राणी. हिनं मराठीत सांगितलं, "बाई, तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालायला पाहिजे." भाषा कळली नाही, पण बाई हसली आणि वर चार मासे टाकले.

घरी लिंबाचा रस, लसूण आणि मीठ लावून अर्धा तास ठेवायचे, पिठात घोळवायचे, कडकडीत ऑलिव्ह तेलात तळायचे. तिथली रीतच ही. व्हिनेगरमध्ये मुरवलेले बोकेरोनही फार छान लागतात, पण ते कच्चे असतात. अॅनिसाकिस नावाचा जंत या माशात असू शकतो, म्हणून घरी करायचे तर आधी नीट गोठवून घ्यावे लागतात. हॉटेलांना स्पेनमध्ये तसा कायदाच आहे. आपण ते मंडईतल्या खाण्याच्या गाळ्यावर खावेत, घरी घाट घालू नये.

बाकी मासळीत तारली मिळते, माकूळ मिळतो, लाल कोळंबी, तिसऱ्यांचे प्रकार, तलवार माशाचे मोठे काप. कोन्चा फिना नावाचा तपकिरी गुळगुळीत शिंपला तिथे जिवंत उघडून लिंबू पिळून खातात. मी खाल्ला, पुन्हा खाईन. हिनं तोंड फिरवलं. सोमवारी मासळीला जाऊ नका. रविवारी बोटी जात नाहीत, त्यामुळे गाळे अर्धे रिकामे असतात. मंगळवार ते शुक्रवार, दहाच्या आत, ही वेळ. शनिवारी माल भरपूर पण गर्दीत हलता येत नाही.

रांग नावाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण ती आहे आणि कडक आहे. गाळ्याशी गेल्यावर मोठ्यानं विचारायचं, "एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतं. त्याच्यानंतर तुमचा नंबर. तुमच्यानंतर येणाऱ्याला तुम्ही हात वर करायचा. कोणी घुसलं तर म्हाताऱ्या बायका सोडत नाहीत. भाव किलोवर पाटीवर लिहिलेले असतात, घासाघीस नाही, आणि तोलून मापात देतात.

माशांच्या बाजूला उभं राहून वर बघितलं की पाठीमागच्या भिंतीवर मोठं रंगीत काचचित्र दिसतं. शहरातल्या जुन्या इमारती, बंदर, जहाजं. सकाळचा उजेड त्यातून खाली येतो. मी उभा होतो त्या जागी, नेमक्या त्याच जमिनीवर, एकेकाळी गलेरा ओढून ठेवलेली असत. गलेरा म्हणजे वल्ह्यांवर चालणारं लांब, अरुंद, हलकं जहाज. उघड्या पाण्यात ते हिवाळा काढू शकत नसे. मोसम संपला की ते किनाऱ्यावर ओढायचं, छपराखाली घ्यायचं आणि वसंतापर्यंत दुरुस्त करायचं. या गोद्यांना एवढ्या उंच कमानी होत्या त्या त्यासाठीच. आपल्याकडेही पावसाळ्यात गलबतं शाकारून ठेवत, त्यामुळे हे कोकणातल्या माणसाला लगेच पटेल.

इटलीचा महाकवी दांते यानं नरकाच्या वर्णनात, एकविसाव्या सर्गात, व्हेनिसची गोदी आणली आहे. तो तिला आर्झाना म्हणतो, अरबीच्या अगदी जवळचं रूप. नरकातलं उकळतं डांबर कसं होतं हे सांगायला त्याला व्हेनिसच्या गोदीतलं हिवाळ्यातलं डांबर आठवलं. पुढे तो नरक क्षणभर विसरतो आणि काम मोजत बसतो: एकजण नवी नाव बांधतोय, दुसरा बऱ्याच सफरी केलेल्या नावेच्या बरगड्यांतल्या फटी बुजवतोय, कोणी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, ठोकतोय, कोणी वरामावर, म्हणजे मागच्या टोकाला, कोणी वल्ही करतोय, कोणी दोर वळतोय, कोणी शिडं ठिगळतोय. हे दांतेनं अकरा अक्षरांच्या ओळींत बसवलंय. दांते 1321 मध्ये गेला, मालागाची गोदीही त्याच शतकातली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, एकमेकांची जहाजं लुटायची रीत, आणि कामाच्या जागेचं नाव एकच.

त्या फटी बुजवण्यालाही सगळ्या समुद्रभर एकच शब्द आहे. स्पॅनिशमध्ये कालाफातेआर, इटालियनमध्ये कालाफातारे, ग्रीक आणि तुर्कीतही तोच कालाफात. फळ्यांच्या सांध्यांत काथ्यासारखे धागे ठोकून वर डांबर लावायचं. आमच्याकडच्या जुन्या खलाशांच्या बोलीत या कामाला कालापत्ती म्हणत. पोर्तुगीज जहाजांवरून आलेला हाच शब्द. लाकडी गलबतं आमच्या वेळी संपत आली होती, तरी एक म्हातारा कालापत्तीवाला मी काम करताना पाहिलेला आहे. हातोडीचा आवाज ऐकून तो सांगायचा की सांधा भरला की नाही. भरलेल्या सांध्याचा आवाज वेगळा येतो, घट्ट आणि आखूड. ही विद्या मालागाच्या त्या कमानीखालीही कोणाच्या तरी कानात असणार. त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही.

आता बाकीचा बाजार. ऑलिव्हमध्ये आलोरेन्या घ्या. मालागाच्याच मुलखातली जात, हिरवी, ठेचून फोडलेली आणि थाइम, बडीशेपेची काडी, लसूण, ढोबळी मिरची घालून मिठाच्या पाण्यात मुरवलेली. कडवटपणा थोडा राहतो आणि तोच छान लागतो. स्पेनमध्ये खाण्याच्या ऑलिव्हला भौगोलिक ओळखीचा अधिकृत शिक्का मिळाला तो पहिल्यांदा हिला. बदाम तेलात तळून मीठ लावलेले, कागदी पुड्यात. आणि मनुका: आक्सार्किया या डोंगराळ भागातल्या मुस्कात द्राक्षांच्या, उतारावर उन्हात पसरून वाळवलेल्या, बिया आतच ठेवून. चावताना बी कुरकुरते. तिथली ही वाळवण्याची पद्धत 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जागतिक कृषी वारशात घेतली. देठासकट झुबके मिळतात ते घ्या, सुटे नको.

फळांत त्या भागातला आंबा मिळतो, ऑस्टीन जातीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. रसाळ आहे, वास बेताचा. तो वेगळा आंबा आहे असं समजून खावा, तुलना करू नये. संत्री-लिंबं मात्र अव्वल. नारान्हा या त्यांच्या शब्दात आपलं नारंग आहे, संस्कृतमधून फारसीत, तिथून अरबीत आणि मग इथे. दाराजवळच्या एका गाळ्यावर फळांच्या फोडी पेल्यात घालून पर्यटकांना विकत होते. आम्ही घेतल्या त्या सकाळच्या कापून ठेवलेल्या असाव्यात, कडा सुकल्या होत्या. आतल्या गाळ्यांवर पूर्ण फळ घेऊन घरी कापलं, ते कितीतरी स्वस्त पडलं आणि चवीलाही ताजं.

खाण्याचे गाळे कोपऱ्यांत आहेत. समोरच्या मासळीतलंच तळून किंवा तव्यावर भाजून देतात. उभ्यानंच खावं लागतं, पिंपावर नाहीतर कडेच्या फळीवर ताटली टेकवून. बाराच्या आत गेलात तर फळीचा कोपरा मिळतो, एकनंतर नाही. कॉफी मागताना मालागाची स्वतःची मापं आहेत ती शिकून घ्या: दूध जास्त हवं तर सोम्ब्रा, त्याहूनही जास्त हवं तर नुबे, निम्मं-निम्मं हवं तर मितात. नुसतं 'कॉफी' म्हटलंत तर तो तुमच्याकडे बघत उभा राहतो.

मंडई सकाळी आठला उघडते, दुपारी दोन-तीनपर्यंत चालते, रविवारी बंद. आत जायला पैसे नाहीत. जमीन ओली असते, घसरणार नाही अशी चप्पल-बूट घाला. वयस्कर माणसांना बसायला बाक फारसे नाहीत.

तिथून ग्रानादाला किंवा सेव्हियाला जाणार असाल तर बसस्थानकावर आणखी एकदा याच शब्दाशी गाठ पडेल. बस लागायच्या फलाटाला स्पॅनिशमध्ये दार्सेना म्हणतात. जेनोआच्या खलाशांकडून आलेला तो शब्द, मूळचा जहाज लावायच्या आतल्या बंदराचा. फलकावर गावाच्या नावापुढे दार्सेना आणि आकडा लिहिलेला असतो, आणि तो आकडा बस सुटायच्या थोडा वेळ आधीच लागतो. तोवर फलकासमोरून हलू नका. बदामाचा पुडा हाताशी ठेवा.